मॉडेल रेल्वेचं स्टेशन उन्हापावसात जुनं झालेलं कसं दाखवावं?

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात घरी ४ बाय ६ फुटांचा, १:८७ प्रमाणातला लेआउट आहे. त्यावर नागपूर–नागभीड नॅरोगेजवरच्या स्थानकांसारखं एक लहान स्टेशन उभं केलं आहे. चुना दिलेली इमारत, पत्र्याचं मालगोदाम, लोखंडी पाण्याची टाकी आणि एक साइडिंग (गाड्या बाजूला उभ्या करायचा जोडमार्ग). सगळं कोरं, खेळण्यातलं वाटत होतं म्हणून सगळ्यावर पातळ काळा रंग फिरवला. आता ते जुनं न दिसता काजळी फासल्यासारखं दिसतं. कुठे चुकलं आणि आता काय करता येईल?

चूक रंगाची नाही. तो सगळीकडे सारखा बसला, ही चूक आहे. खऱ्या भिंतीवर एकही डाग विनाकारण पडत नाही. पाणी कुठून आलं, कुठे साचलं, कुठून ओघळलं, ऊन कोणत्या अंगाने लागलं, माणसं कुठे टेकली आणि कुठे थुंकली, हे सगळं त्या डागांत वाचता येतं. म्हणून ब्रश टेकवण्याआधी ‘हा डाग इथे का?’ याचं उत्तर तयार हवं. उत्तर नसेल तर तो डाग देऊ नका.

दुसरं असं की वेदरिंगचे, म्हणजे मॉडेल जुनं दिसेल असं रंगवण्याचे, बहुतेक व्हिडिओ ओलसर, थंड देशांतले असतात. तिथे हिरवं शेवाळ आणि नारिंगी गंज सगळीकडे शोभतो. आपल्याकडे आधी ऊन रंग उडवतं, मग धूळ बसते, आणि पावसाचे चार महिने ओघळ काढून जातात. म्हणून क्रमही तोच ठेवा: आधी रंग फिका करणं, मग डाग, सगळ्यात शेवटी धूळ. तुम्ही थेट डागांपासून सुरुवात केलीत, तीही कोऱ्या रंगावर. त्यामुळे डाग वरून चिकटवल्यासारखे दिसतात.

कामाला लागण्याआधी दोन गोष्टी ठरवा. एक म्हणजे दिशा. बेसबोर्डच्या (लेआउटखालच्या फळीच्या) कडेला पेन्सिलने उत्तरेचा बाण काढा. दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती जास्त उडालेल्या, उत्तरेची भिंत जास्त डागाळलेली. दुसरं म्हणजे महिना. ऑगस्टमध्ये भिंतीच्या पायथ्याशी हिरवं चालतं, मे महिन्यात नाही. माझं मत विचाराल तर मे घ्या. गवत वाळलेलं, जमीन फिकी आणि सगळ्यावर धुळीचा एकच सूर, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटमधल्या इमारतीही एकाच गावच्या वाटू लागतात. काळही नक्की करा. नागपूर–नागभीड मार्ग गेजबदलासाठी २०१९ मध्ये बंद झाला. तुमच्या लेआउटवर झेडडीएम (नॅरोगेजचं) डिझेल इंजिन धावत असेल तर वाफेच्या इंजिनाची काजळी छपरांवर टाकू नका.

नागपुरातल्या मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात (ते २००२ मध्ये सुरू झालं) मापं आणि आकार पाहायला जरूर जा. मात्र तिथल्या वस्तूंना वेळोवेळी रंग दिलेला असतो, म्हणून मळ तिथे शिकता येणार नाही. त्यासाठी वापरातली जुनी गोदामं आणि चुन्याच्या भिंती बघा आणि दुपारी चारनंतरच्या तिरप्या उन्हात फोटो काढा.

चुन्याची भिंत

ट्यूबमधला निव्वळ पांढरा वापरू नका. अ‍ॅक्रिलिक पांढऱ्याच्या दहा भागांना एक भाग यलो ऑकर आणि काडीच्या टोकावर मावेल इतका काळा, असे दोन पातळ हात द्या. वाळल्यावर त्याच रंगात पाचवा हिस्सा कोरा पांढरा मिसळा. फोमचा नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंतींवर हलके टिपके द्या. छपराच्या सावलीत येणारी वरची पट्टी तशीच सोडा, तिथे मूळ रंग टिकलेला असतो. यावर पाण्यातलं मॅट व्हार्निश देऊन २४ तास थांबा. पुढचं काम टर्पेंटाइनचं आहे. खालचा रंग एनॅमलचा असेल आणि मध्ये व्हार्निश नसेल तर टर्पेंटाइनने तो उचलून येईल.

डागांसाठी ट्यूबमधले ऑइल कलर घ्या: काळा, बर्न्ट अंबर, रॉ अंबर. वाटाण्याएवढा रंग खोक्याच्या पुठ्ठ्यावर तासभर ठेवा म्हणजे त्यातलं जवसाचं तेल पुठ्ठा शोषून घेईल. ही पायरी गाळली तर रंग चकाकत राहतो आणि आठवडाभर वाळत नाही. मग काळा आणि बर्न्ट अंबर मिसळून शून्य नंबरच्या ब्रशने कठड्याच्या वरच्या कडेला, छज्ज्याच्या दोन्ही टोकांना आणि खिडकीच्या उंबऱ्याच्या दोन्ही कोपऱ्यांखाली बारीक ठिपके द्या. दहा मिनिटांनी ६ मिमीचा चपटा ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा करा आणि प्रत्येक ठिपका वरून खाली एकदाच ओढा. दर ओढीनंतर ब्रश पुसा. सगळ्यात लांब ओघळ १० ते १५ मिमी, म्हणजे खऱ्या भिंतीवर साधारण मीटरभर. बाकीचे ३–४ मिमीचे. ओघळ वर रुंद आणि गडद, खाली निमुळता होत विरून जाणारा हवा. दोन ओघळांमधलं अंतर सारखं आलं तर सगळी मेहनत फुकट जाते.

हे ओघळ काळे का, हिरवे का नाहीत? पावसात भिंतीवर वाढणारं सूक्ष्म शेवाळ उन्हाळ्यात वाळून काळं पडतं. म्हणून कठड्याचा माथा काळा आणि खालची भिंत बऱ्यापैकी स्वच्छ, हे आपल्याकडचं नेहमीचं दृश्य आहे. तुमच्या काळ्या थराने नेमका हाच फरक पुसला.

ब्रश जास्त ओला राहिला तर ओघळाभोवती गडद कडा उमटते. ती ओली असतानाच टिपकागदाने टिपा. वाळली असेल तर टर्पेंटाइनचा नुसता वास राहिलेल्या ब्रशने कडेवर हलकेच थोपटा, ती विरघळून पसरते.

भिंतीचा पायथा हा वेगळा विषय आहे. पाऊस जमिनीवर आपटून माती भिंतीवर उडवतो, फूट-दीड फुटापर्यंत. मॉडेलमध्ये ही पट्टी साडेतीन ते पाच मिमीची होते. तिच्या वरचा भाग कागदाने झाका, जुन्या टूथब्रशला मुरमाच्या रंगाचा पातळ अ‍ॅक्रिलिक लावा आणि बोटाने केस मागे ओढून बारीक शिंतोडे उडवा. नंतर कागद काढून वरची सरळ कडा ओल्या ब्रशने मोडा. इथे रंग जोत्याच्या मातीशी जुळलाच पाहिजे. समोर काळी माती आणि भिंतीवर तांबडे शिंतोडे असं झालं तर कारणच उरत नाही.

छपराच्या कडेखाली जमिनीवर पागोळ्यांची रेघही काढा. छप्पर भिंतीच्या पुढे ६० सेमी आलं असेल तर ही रेघ भिंतीपासून ७ मिमीवर येते. तिथली बारीक माती धुऊन गेलेली आणि खडा उघडा पडलेला असतो. जमिनीची माती चिकटवताना गोंद ओला असतानाच दातकोरणीने मिलिमीटरभर रुंद चर ओढा आणि त्यात चाळून उरलेले बारीक खडे टाका. ही एक रेघ इमारत जमिनीवर ‘बसवते’. तिच्याविना चांगली रंगवलेली इमारतही बोर्डावर ठेवल्यासारखी दिसते.

जोत्याच्या वर लोणा लागलेला दाखवायचा असेल तर रॉ अंबरचा वेडावाकडा ओलसर डाग द्या आणि त्याच्या वरच्या कडेला पांढऱ्या पेस्टलची पूड बोटाने दाबा. क्षार ओल जिथे वाळते तिथे साठतात, म्हणून पांढरं वरच्या कडेला असतं, डागाच्या मध्यभागी नसतं.

आणि नागपूरकडचं स्टेशन म्हटलं की खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) आणि त्याच्या पिचकाऱ्या आल्याच. तिकीट खिडकीच्या बाजूचा कोपरा, खांबाची मागची बाजू, बाकाच्या टोकाशी असलेली भिंत, एवढ्याच जागा. बर्न्ट सिएनात किंचित काळा मिसळून कमरेच्या खाली, म्हणजे जमिनीपासून १० मिमीच्या आत, दोन-तीन ठिकाणी टिपके द्या. प्रत्येकाखाली केसाएवढी ओघळ. यापेक्षा जास्त नको, नाहीतर नजर तिथेच अडकते.

पत्रा आणि टाकी

मालगोदामाचं छप्पर एकसंध प्लास्टिकचं असेल तर ते पत्र्यांत वाटून घ्या. ८ फुटी पत्रा १:८७ मध्ये २८ मिमी लांब येतो आणि नालीदार पत्र्याची नेहमीची ७६ मिमीची नाळ (एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंत) ०.८७ मिमीची होते. पत्रे वेगळे कापून, वेगळे रंगवून मग चिकटवले तर उत्तम. ते शक्य नसेल तर जोडाच्या रेषा पेन्सिलने आखा आणि दर तिसऱ्या-चौथ्या पत्र्याची राखाडी छटा थोडी बदला. चंदेरी रंग मुळीच नको. जुनं जस्त मंद राखाडी असतं.

गंज तीन थरांत येतो. आधी बर्न्ट अंबरचे ठिपके, त्यांच्या आत लहान बर्न्ट सिएना, आणि नारिंगी फक्त अगदी ताज्या कडेला, सुईच्या टोकाएवढी. बहुतेक जण नारिंगीपासून सुरुवात करतात, म्हणून गंज रंगीत खडूसारखा दिसतो. गंज लागतो तो कापलेल्या कडेला, दोन पत्रे एकमेकांवर चढतात तिथे, आणि बोल्टच्या भोवती. बोल्ट नाळेच्या उंचवट्यावर असतो, पण त्याचा गंज शेजारच्या खाचेत उतरतो आणि खाचेतूनच खाली वाहतो. म्हणून ठिपका उंचवट्यावर द्या आणि ओघळ खाचेत ओढा.

रंगाचे पोपडे निघालेलं लोखंडी दार करायचं असेल तर आधी गंजाचा रंग, त्यावर व्हार्निश, त्यावर हेअरस्प्रेचे दोन हात आणि मग वरचा अ‍ॅक्रिलिक रंग, पातळ. अर्ध्या तासाने दार पाण्याने ओलं करून आखूड केसांच्या ब्रशने कडा आणि कडीच्या आसपास टोचा, रंग खपल्यांनी निघेल. हे काम मे महिन्यात लांबवू नका. उन्हाळ्यात रंग लवकर घट्ट होतो आणि दोन तासांनी तो निघतच नाही.

पाण्याच्या टाकीवर दोन प्रकारचे ओघळ हवेत: गंजाचे, आणि जड पाण्याच्या क्षारांचे पांढरट. दोन्ही गळतीच्या जोडापासूनच निघाले पाहिजेत. मे महिन्याच्या लेआउटवर ओलं हिरवं कुठे चालत असेल तर ते फक्त टाकीच्या गळक्या नळाखाली. तिथे चार-पाच हिरव्या गवताची टोकं लावा आणि माती गडद करा. बाकी सगळं वाळलेलं असल्यामुळे हा तळव्याएवढा तुकडा लगेच नजरेत भरतो.

रूळ, गिट्टी, माती

७६२ मिमीचं नॅरोगेज १:८७ मध्ये ८.७६ मिमी होतं, म्हणून एन गेजचा, म्हणजे याहून लहान प्रमाणाच्या मॉडेलांसाठीचा, ९ मिमीचा ट्रॅक वापरतात. अडचण स्लीपरची. एन गेजचे स्लीपर लहान आणि फार जवळजवळ असतात. साइडिंगमध्ये दर दुसरा स्लीपर कापून काढा आणि उरलेले मातीत अर्धे बुडवा. जुन्या साइडिंगचं रूपही तेच असतं आणि ट्रॅकचा दोषही झाकला जातो.

रुळाच्या बाजू बर्न्ट अंबरमध्ये थोडा काळा घालून रंगवा, आतली आणि बाहेरची दोन्ही. रंग ओला असतानाच लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोलचं फडकं रुळाच्या माथ्यावरून फिरवा. वाळल्यावर घासावं लागतं आणि ओरखडे पडतात. साइडिंगचा माथा खऱ्यात गंजलेला असतो, पण आपल्याला त्यातूनच वीज न्यायची आहे, तेव्हा तो स्वच्छच ठेवा. पॉइंटच्या (रूळ फुटतात त्या जागेच्या) सरकत्या पात्यांना आणि त्यांच्या आतल्या बाजूला रंग लावू नका, संपर्क तुटतो.

गिट्टीचं माप इथे फार बिघडतं. रेल्वेची गिट्टी साधारण २० ते ६५ मिमीची असते. १:८७ मध्ये ती ०.२३ ते ०.७५ मिमी होते. बाजारातली पुष्कळ तयार गिट्टी याहून जाड असते आणि मग रुळांत धोंडे टाकल्यासारखे दिसतात. बांधकामाच्या दुकानातली क्रशरची चुरी घ्या, चहाच्या बारीक गाळणीतून गाळा, मग मलमलीच्या कापडात घेऊन धूळ झाडून टाका. कापडावर राहील ती गिट्टी, खाली पडेल ती जमिनीसाठी वस्त्रगाळ माती. आपल्याकडची काळी गिट्टी बेसाल्टची असते आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. तेव्हा चुरीतून चुंबक फिरवणं टाळू नका. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तीन-चार वेळा फिरवा. हे कण सुटले तर इंजिनाच्या मोटारीतलं चुंबक त्यांना ओढून घेतं आणि मोटार जाते. कन्हान नदीच्या रेतीलाही हाच नियम. स्टील वूल तर ट्रॅकच्या आसपास आणूच नका.

गिट्टी कोरडी पसरून मऊ ब्रशने स्लीपरांमध्ये बसवा. आयसोप्रोपिल आणि पाणी निम्मं-निम्मं करून वरून धुक्यासारखं फवारा. मग एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी आणि १०० मिलीला भांडी धुण्याच्या लिक्विडचे तीन-चार थेंब, हे मिश्रण ड्रॉपरने गिट्टीला टेकवून सोडा. थेंब गोळा होऊन वरच तरंगत असेल तर गिट्टी पुरेशी ओली नाही. खड्डे पडत असतील तर ड्रॉपर फार वर धरलाय. वाळल्यावर पांढरी साय दिसली तर गोंद जास्त झाला. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार वाळून पांढरे डाग पडतात. घरातलं आरओचं पाणी चालेल.

गोंद वाळल्यावर गिट्टी मूळ रंगापेक्षा गडद होते, हे धरूनच चला. रॉ अंबरचा एकास पंधरा पातळ वॉश द्या. मग ब्रेकची तांबूस-तपकिरी धूळ, पण सगळीकडे नाही. गाडी फलाटाला लागताना ब्रेक दाबते त्या पट्ट्यात ती जास्त आणि मधल्या मार्गावर अगदी कमी. इंजिन जिथे उभं राहतं तिथे दोन रुळांच्या मध्ये काळपट तेलाचा पट्टा. त्यावर थोडं सॅटिन व्हार्निश द्या, लेआउटवर चकाकी शोभते ती इथेच.

काळी माती कोरडी असताना काळी दिसत नाही, भुरकट राखाडी दिसते. लहान प्रमाणात गडद रंग आणखी गडद वाटतात, म्हणून ती दोन छटा फिकी ठेवा. खरी माती वापरायची असेल तर लोखंडी तव्यावर मंद आचेवर अर्धा तास भाजून घ्या, त्यातले किडे आणि बुरशी मरते. नाहीतर पावसाळ्यात लेआउटवर पांढरी बुरशी येते.

पूड कुठली?

महागड्या बाटल्यांची गरज नाही. मुलतानी माती हलक्या धुळीसाठी, गेरू तांबड्या मातीसाठी, लाकडी कोळशाची पूड काळ्यासाठी. सगळं वस्त्रगाळ करून. हार्डवेअरच्या दुकानातला फरशीचा रेड ऑक्साइड फार तेज असतो, तो मुलतानी मातीत एकास दहा मिसळून घ्या. ब्लॅक ऑक्साइड मात्र ट्रॅकजवळ नको, तो चुंबकाला चिकटतो. दिव्याची काजळी तेलकट असते, ती पसरते आणि बोटाने सगळीकडे लागते.

पुडीची तक्रार सगळ्यांची एकच असते. व्हार्निश मारलं की ती दिसेनाशी होते. फिक्या पुडी ओल्या झाल्या की पारदर्शक होतात, त्यामुळे असं होतं. जिथे हात लागणार नाही तिथे पूड तशीच सोडा. जिथे लागणार आहे तिथे हवी त्याच्या दुप्पट लावा, ३० सेमीवरून अगदी हलकं व्हार्निश मारा आणि वाळल्यावर पुन्हा थोडी पूड द्या.

नागपूरच्या हवेचा त्रास

मे महिन्यात ४५ अंशांवर स्प्रेचा रंग हवेतच वाळतो आणि पृष्ठभागावर रवाळ बसतो. फवारणी सकाळी आठच्या आत उरका. अ‍ॅक्रिलिकमध्ये रिटार्डरचे (रंग हळू वाळवणाऱ्या द्रवाचे) एक-दोन थेंब घाला आणि रंग ओल्या स्पंजवरच्या बटर पेपरवर काढा. जुलै-ऑगस्टमध्ये उलटं होतं. दमट हवेत मॅट व्हार्निशवर पांढरी झाक येते. त्या दिवसांत कॅन बाजूला ठेवा आणि ब्रशने लावायचं पाण्यातलं व्हार्निश वापरा.

कुलर हा लेआउटचा खरा शत्रू आहे. त्याचा झोत सुटी पूड उडवतो, दमटपणामुळे पुठ्ठा आणि एमडीएफ फुगतं, पीओपी वाळायला दुप्पट वेळ घेतं. काम करताना तो बंद ठेवा किंवा लेआउटवर चादर टाका. आणि थर्मोकोलचे डोंगर असतील तर त्यांच्यावर थेट स्प्रे कॅन मारू नका, विरघळतात. आधी फेव्हिकॉलमध्ये भिजवलेल्या कागदाचे दोन थर द्या.

आता आधीच बिघडलेल्या कामाचं

काळा थर अ‍ॅक्रिलिकचा असेल तर आधी इमारतीच्या मागच्या भिंतीवर तपासा. कापसाच्या काडीला निम्मं पाणी आणि निम्मं आयसोप्रोपिल लावा, दोन-तीनदाच फिरवा आणि काडी बदला. खालचा रंग काडीवर यायला लागला की लगेच थांबा. जे निघत नाही ते काढू नका. वर सांगितलेलं ऑकर-पांढरं मिश्रण जवळजवळ कोरड्या ब्रशवर घेऊन भिंतीच्या मधल्या मोकळ्या भागांवर दोन-तीनदा घासा आणि कठड्याखालची, छज्ज्याखालची, कोपऱ्यांतली काळी झाक तशीच राहू द्या. तिथे काळं असायला कारण आहे. पत्र्यावरचा थर तर मुळीच काढू नका. त्यातल्या खाचांत साचलेला काळा रंग तसाच ठेवून फक्त उंचवट्यांवरून कोरड्या ब्रशने फिका राखाडी फिरवा आणि मग गंजाचे ठिपके द्या. गिट्टीवर पडलेल्या काळ्याला मुलतानी माती पुरेशी आहे, ब्रेकच्या आणि तेलाच्या पट्ट्यांपुरती ती कमी ठेवा.